प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची मूलभूत कौशल्ये आणि ऑनलाइन चाचणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाचे पान वाचून समजते, त्याचा आशय चार वाक्यांत मांडता येतो आणि शेकडेवारी, प्रमाण यांसारखे साधे हिशेब करता येतात, हे गृहीत धरूनच प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम आखलेला असतो. हे गृहीतक सर्वस्वी खरे नाही, याची जाणीव वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकास नव्याने करून द्यावयास नको. ‘असर’ने २०१७ मध्ये २४ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ या वयोगटाची पाहणी केली. तीत सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना स्वतःच्या भाषेतील साधा मजकूर अस्खलितपणे वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण केवळ ४३ टक्क्यांना सोडविता आले. याच वयोगटाची पाहणी २०२३ मध्ये पुन्हा झाली, तेव्हाही चित्र जवळजवळ तेच होते. या वयोगटातील सगळेच महाविद्यालयात येत नाहीत हे खरे. परंतु जे येतात ते याच शाळांतून येतात.

तेव्हा प्रवेशानंतर विद्यार्थ्यांची मूलभूत कौशल्ये तपासावीत की नाही, हा वादाचा विषय नाही. ती कशी तपासली जातात आणि त्या तपासणीवरून कोणता निर्णय घेतला जातो, हा खरा प्रश्न आहे. त्याला गेल्या काही वर्षांत एकच उत्तर रूढ होत चालले आहे : ऑनलाइन चाचणी. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे.

चाचणीचे प्रयोजन कोणते?

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे ‘नॅक’च्या, २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थ्यांच्या विविधतेसंबंधीच्या घटकात एक विचारणा होती. प्रवेशानंतर महाविद्यालय विद्यार्थ्यांचा अध्ययनस्तर कसा तपासते आणि प्रगत व मंदगती अध्ययनार्थींसाठी कोणते विशेष उपक्रम राबविते, असा तिचा आशय होता. पुढे आराखड्यात फेरबदल होत गेले. परंतु या विचारणेने लावलेली सवय अनेक महाविद्यालयांत टिकून राहिली. विचारणा स्वतः अत्यंत योग्य होती. तिला मिळालेला प्रतिसाद मात्र तपासून पाहावा असा आहे.

सर्वसाधारणपणे हा प्रतिसाद असा असतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गूगल फॉर्मचा दुवा पाठविला जातो. त्यात वीस किंवा पंचवीस बहुपर्यायी प्रश्न असतात. काही इंग्रजी व्याकरणाचे, काही अंकगणिताचे, काही सामान्यज्ञानाचे. उत्तरे आपोआप तपासली जातात, गुणांचा तक्ता तयार होतो, तो उतरत्या क्रमाने लावला जातो आणि एका ठराविक गुणमर्यादेपाशी रेघ ओढून वर्गाच्या दोन याद्या केल्या जातात. खालच्या यादीसाठी उपचारात्मक तासांचे वेळापत्रक तयार होते, उपस्थितिपत्रक आणि छायाचित्रे जोडली जातात, आणि संचिका पूर्ण होते. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट सहसा कोणी विचारीत नाही. खालच्या यादीतील अमुक एका विद्यार्थ्याला नेमके काय येत नाही?

अध्यापनशास्त्रात नैदानिक चाचणी आणि वर्गवारीची चाचणी यांत भेद केला जातो. पहिली ‘उणीव कोठे आहे’ हे सांगते, दुसरी ‘क्रम कितवा आहे’ हे सांगते. वर वर्णन केलेली चाचणी नाव पहिलीचे घेते आणि काम दुसरीचे करते. २०२० मधील टाळेबंदीनंतर विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही बहुपर्यायी ऑनलाइन पद्धतीने घ्याव्या लागल्या, तेव्हापासून असा दुवा तयार करणे प्रत्येक विभागाच्या अंगवळणी पडले आहे. साधन हाताशी आहे म्हणून प्रयोजन त्याच्या मापाने कापून घेतले जाते.

अमेरिकेतील अनुभव

ऑनलाइन वर्गवारीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बारकाईने तपासला गेलेला प्रयोग अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांत झाला. या महाविद्यालयांत प्रवेश सर्वांना खुला असतो. प्रवेशानंतर गणित, वाचन आणि लेखन यांची चाचणी होई आणि तीवरून विद्यार्थी थेट पदवीच्या अभ्यासक्रमास बसणार की आधी पूर्वतयारीच्या वर्गात जाणार, हे ठरे. पूर्वतयारीच्या वर्गांना शुल्क आणि वेळ दोन्ही लागत. पदवीच्या श्रेयांकांत मात्र ते धरले जात नसत. या कामासाठी कॉलेज बोर्डाची ‘अ‍ॅक्युप्लेसर’ आणि एसीटी या संस्थेची ‘कंपास’ या दोन संगणकीय चाचण्या देशभर वापरल्या जात.

तंत्राच्या दृष्टीने या चाचण्या आपल्याकडील दुव्यांपेक्षा कितीतरी पुढच्या होत्या. त्या अनुकूलक होत्या, म्हणजे उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येई, चुकले की सोपा. प्रश्नपेढ्या मोठ्या होत्या आणि प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधी अजमावलेली असे. असे असूनही पुढे जे आढळले ते विचार करावयास लावणारे आहे.

कोलंबिया विद्यापीठातील सामुदायिक महाविद्यालय संशोधन केंद्राने २०१२ मध्ये ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांचा एक आणि क्लाइव्ह बेलफील्ड व पीटर क्रॉस्टा यांचा दुसरा, असे दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. या चाचण्यांच्या गुणांवरून महाविद्यालयातील यशाचा अंदाज फारसा बांधता येत नाही आणि शालेय वर्षांतील सरासरी श्रेणी त्याहून चांगला अंदाज देते, असा त्यांचा एकत्रित निष्कर्ष होता. स्कॉट-क्लेटन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कोण चांगले यश मिळवील हे या चाचण्या थोडेफार सांगू शकत; कोण अनुत्तीर्ण होईल हे सांगण्यात त्या अधिक कमकुवत होत्या. वर्गवारीचा सारा डोलारा ज्या दुसऱ्या प्रश्नावर उभा होता, तेथेच चाचणी लंगडी पडत होती.

या तिघांनी २०१४ मध्ये एकत्रितपणे केलेल्या विश्लेषणात गणिताच्या चाचणीतील सुमारे चारांपैकी एक आणि इंग्रजीच्या चाचणीतील सुमारे तिघांपैकी एक विद्यार्थी गंभीररीत्या चुकीच्या वर्गात पडत असल्याचे आढळले. ही चूक दोन्ही दिशांनी सारखी नव्हती. पदवीच्या वर्गात यशस्वी होऊ शकणाऱ्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसविण्याची चूक उलट्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक वेळा होत होती.

पूर्वतयारीच्या वर्गात पाठविल्याने विद्यार्थ्याचे फार तर एक सत्र जाते, असे यावर म्हणता येईल. परंतु थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५७ महाविद्यालयांच्या नोंदींवरून दाखविले, की ज्यांना हे वर्ग घेण्यास सांगण्यात आले त्यांपैकी सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांनी एकाही वर्गात नाव घातले नाही, आणि सांगितलेली संपूर्ण शृंखला पूर्ण करणारे निम्म्याहून कमी होते. ‘तू अजून तयार नाहीस’ हा निरोप विद्यार्थ्याने ज्या अर्थाने पाठविला त्या अर्थाने घेतला नाही. त्याच वर्षी वेस्टएड या संस्थेने कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांशी बोलून तयार केलेल्या अहवालातून दिसले, की या चाचणीवर पुढचे काय अवलंबून आहे याची पुरेशी कल्पनाच अनेकांना नव्हती. तयारी न करताच ते चाचणीस बसले होते.

परिणाम पुढील काही वर्षांत दिसू लागले. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने तेथील शासकीय शाळांतून बाहेर पडलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी ही चाचणी ऐच्छिक केली. एसीटीने २०१५ मध्ये ‘कंपास’ मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०१६ अखेर ती बंद झाली. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याने तर शालेय श्रेणी हाच वर्गवारीचा मुख्य आधार ठरविला. विद्यार्थी यशस्वी होण्याची शक्यता अत्यंत कमी असल्याखेरीज त्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसविता येणार नाही, अशी तरतूद केली. हा बदल निर्दोष होता असे नाही. थेट वर्गात बसू दिल्यामुळे पहिल्या वर्षातच तो अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढली, तशी त्यात अनुत्तीर्ण होणाऱ्यांचीही वाढली, आणि त्यावरून तेथे वाद चालू राहिला.

हा अनुभव जसाच्या तसा महाराष्ट्रास लागू करता येणार नाही. अमेरिकेतील शालेय श्रेणी म्हणजे चार वर्षे अनेक शिक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी. आपल्याकडील बारावीचे गुण म्हणजे एका परीक्षेचा निकाल. २०२१ मध्ये तर परीक्षा न होता दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीचे सूत्र लावून निकाल लागला आणि तो ९९.६३ टक्के होता. अशा गुणांवरून वर्गवारी करणे म्हणजे एका आंधळ्या मापाऐवजी दुसरे वापरणे होय. ज्या चाचण्यांमागे मोठ्या प्रश्नपेढ्या आणि दीर्घ संशोधन होते त्यांची ही गत झाली असेल, तर एका दुपारी तयार केलेल्या वीस प्रश्नांवर किती भार टाकावा, हा प्रश्न मात्र तेथून इकडे आणता येतो.

वीस प्रश्नांचे गणित

समजा, वीस प्रश्नांच्या चाचणीत दहा गुणांची मर्यादा ठेवली आहे. अशा प्रकारचे शंभरांपैकी साठ प्रश्न ज्याला खरोखर सोडविता येतात, असा विद्यार्थी या मर्यादेच्या वर असावयास हवा. परंतु त्या शंभरांतून कोणते वीस त्याच्या वाट्यास येतात हा योगायोगाचा भाग असतो. संभाव्यतेच्या साध्या नियमाने हिशेब केला, तर असा विद्यार्थी शंभरांपैकी सुमारे तेरा वेळा दहापेक्षा कमी गुण मिळवील. उलटपक्षी मर्यादा आठ गुणांची ठेवली आणि प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असले, तर एकही प्रश्न न वाचता केवळ अंदाजाने खुणा करणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे दहा वरच्या यादीत जातील. हा चाचणी तयार करणाऱ्याचा दोष नव्हे. थोड्या प्रश्नांच्या कोणत्याही चाचणीचा हा स्वभाव आहे. म्हणूनच अशा गुणांजवळ रेघ ओढणे धोक्याचे ठरते.

याच स्वभावाचा आणखी एक परिणाम अहवालांत यशाच्या रूपाने मिरवला जातो. खालच्या यादीतील विद्यार्थ्यांची उपचारात्मक तासांनंतर पुन्हा चाचणी घेतली जाते, त्यांची सरासरी वाढलेली दिसते, आणि ‘उपक्रम फलदायी ठरला’ असा निष्कर्ष लिहिला जातो. वास्तविक, पहिल्या वेळी ज्यांचे गुण सर्वांत कमी आले त्यांत त्या दिवशी नशीब उलटे पडलेलेही बरेच असतात. दुसऱ्या वेळी त्यांचे नशीब पुन्हा तितकेच उलटे पडण्याचे कारण नसते. त्यामुळे मधल्या काळात एकही तास झाला नाही तरी त्या गटाची सरासरी काहीशी वर येते. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणे म्हणतात. वरच्या यादीचीही पुनर्चाचणी घेतली तर तिची सरासरी थोडी घसरलेली दिसेल. पण ती कोणी घेत नाही. परिणामी तासांचा खरा लाभ किती आणि आकड्यांचा खेळ किती, हे महाविद्यालयाला स्वतःलाही कळत नाही.

माध्यमाचा अडसर

ऑनलाइन चाचणी मूलभूत कौशल्यांबरोबर आणखी काही गोष्टी नकळत मोजते. तिच्या सप्रमाणतेचा प्रश्न येथे उभा राहतो. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत सुमारे नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता, परंतु फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे होता, तर मुलींपैकी केवळ १९.८ टक्क्यांकडे. घरात फोन असणे आणि चाचणीच्या तासाला तो हातात असणे या भिन्न गोष्टी आहेत. वडील कामावरून परत येईपर्यंत वाट पाहून, रात्री, संपत आलेल्या डेटावर दुवा उघडणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण आणि महाविद्यालयाच्या संगणककक्षात बसून चाचणी देणाऱ्याचे गुण एकाच तक्त्यात उतरत्या क्रमाने लावले जातात.

भाषेचा अडसर याहून सूक्ष्म आहे. टक्केवारीचे उदाहरण इंग्रजीत विचारले, की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या गणिताची नव्हे, इंग्रजीची परीक्षा होते. वाक्याचा अर्थ लावण्यात त्याचा वेळ जातो आणि तक्त्यात मात्र ‘गणित : कच्चे’ अशी नोंद होते. काही महाविद्यालये जाणीवपूर्वक प्रश्न मराठीतून देतात. ते स्वागतार्ह आहे, पण तेथेही यंत्र आपली अट सोडीत नाही. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांत विद्यार्थ्याचे उत्तर उत्तरसूचीशी अक्षरशः जुळावे लागते. मराठीतील ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. ‘अ‍ॅ’ या अक्षराचेही तसेच. विद्यार्थ्याने देवनागरी अंकांत ‘२५’ लिहिले आणि उत्तरसूचीत तीच संख्या इंग्रजी अंकांत असली, तरी उत्तर चुकीचे ठरते. उत्तरसूची करणाऱ्याने सारी पर्यायी रूपे आधीच नोंदविली असली तर गोष्ट वेगळी. तितका वेळ असता तर स्वयंचलित तपासणीचा आश्रयच घेतला गेला नसता! शुद्धलेखनाच्या चाचणीत शुद्ध लिहिलेला शब्द अशुद्ध ठरावा, याहून मोठा विनोद कोणता?

आणि जे मुळातच मोजले जात नाही त्याचे काय? व्याख्यान ऐकता ऐकता टिपणे काढणे, दोन पानांच्या मजकुरातून मुद्दा शोधणे, न समजलेले विचारणे, आपले म्हणणे सलग परिच्छेदात मांडणे ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची खरी मूलभूत कौशल्ये. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या क्रियेत यांपैकी जवळजवळ काहीच उमटत नाही.

वर्गवारी आणि विद्यार्थी

वर्गवारी मुळातच त्याज्य आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. ‘प्रथम’ने प्राथमिक शाळांसाठी विकसित केलेल्या पद्धतीतही मुलांचे स्तरानुसार गट केले जातात. मात्र तेथील चाचणी काही मिनिटांची आणि तोंडी असते. एक प्रौढ एका मुलाजवळ बसून त्याला परिच्छेद वाचावयास देतो, मूल कोठे अडखळते हे स्वतः ऐकतो. गट दिवसातील काही वेळापुरते असतात, मूल पुढे गेले की गट बदलतो, आणि चाचणीनंतरचे अध्यापन त्याच स्तराचे असते. ज्या ‘असर’ची आकडेवारी आपण वारंवार उद्धृत करतो, तीही याच रीतीने, समोरासमोर बसून गोळा केलेली आहे. महाविद्यालयांनी तिच्यातील आकडे उचलले, रीत मात्र उचलली नाही.

महाविद्यालयीन यादी बहुधा वर्षभर तीच राहते आणि कधीकधी व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावांनिशी झळकते. अठरा वर्षांच्या, कदाचित घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पंधरवड्यातच ‘मंदगती’ हे विशेषण चिकटविले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक अध्यापनाची योजना राबविली, तिच्यामागे संधीची विषमता भरून काढण्याचा विचार होता. तोच शब्द आज गुणांच्या यादीला जोडला जातो, तेव्हा ज्या विषमतेवर उपाय करावयाचा होता ती विद्यार्थ्याच्या बुद्धीचा दोष म्हणून नोंदली जाते.

पर्याय खर्चिक नाहीत. ऑनलाइन चाचणी ठेवावी, पण तिला गुणमर्यादा नसावी आणि तिचा निकाल एकूण गुणांऐवजी प्रश्नवार पाहावा. वर्गातील शंभरांपैकी सत्तर जणांचे शेकडेवारीचे उदाहरण चुकले असेल, तर तो सत्तर जणांच्या यादीचा विषय नसून अर्थशास्त्राच्या पहिल्या आठवड्याच्या नियोजनाचा विषय आहे. गणकयंत्र हे काम उत्तम करते आणि त्यासाठी ते जरूर वापरावे. व्यक्तिगत निर्णयासाठी मात्र विद्यार्थ्याने वर्गात बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहिलेला एक परिच्छेद आणि तो वाचणारा एक शिक्षक लागतो. वाचून झाल्यावर पाच मिनिटे त्या विद्यार्थ्याशी बोलता आले तर अधिकच चांगले.

यावर वेळेची अडचण नेहमी सांगितली जाते. १२० विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रत्येकाचा एक परिच्छेद वाचून दोन ओळींची नोंद करण्यास पाच मिनिटे धरली, तर एकूण दहा तास लागतात. त्या तुकडीला शिकविणाऱ्या चार प्राध्यापकांनी ते वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच तास येतात. दुवा पाठविणे, तक्ते करणे, याद्या लावणे, उपस्थितिपत्रके जमविणे आणि छायाचित्रांसह अहवाल बांधणे यांत आज याहून कमी वेळ जात असेल असे वाटत नाही.